मास्क वाटपाचा एक फोटो

तालुक्याच्या पानावर फोटो छापायचा तर त्यातला प्रत्येक चेहरा ओळखू आला पाहिजे, असा आमच्याकडे अलिखित नियम होता. फोटोखाली 'डावीकडून' असा शब्द टाकून नावं द्यायची आणि त्याच क्रमानं माणसं दिसायची. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याचं नाव छापायचं नाही. आणि ज्याचं नाव छापलेलं नाही तो दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतो. नोकरीतल्या माझ्या बहुतेक सकाळी अशा फोननंच सुरू झाल्या.

मी एका जिल्हा दैनिकाची इंदापूर तालुक्याची प्रतिनिधी होते. कार्यालय बारामतीत. हे काम बाहेरच्या माणसाला वाटतं तसं नसतं. खून-दरोडे क्वचित होतात. रोजचं पान भरतं ते निवडी, उद्घाटनं, सत्कार, वाढदिवस आणि निधनवार्ता यांनी. मोठ्या शहरातले पत्रकार यावर हसतात. पण तालुक्यातला वाचक पेपर उघडतो तो ओळखीचं माणूस शोधायला, आणि ते नाव बिनचूक, आडनावासकट आणि योग्य पदासह छापणं हे कौशल्याचं काम आहे. 'माजी' हा शब्द एकदा चुकून राहिला म्हणून दोन घराण्यांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. माझ्या हातून असं क्वचितच झालं, एवढं इथं नोंदवते.

करोना आला आणि सत्कार बंद पडले. पान कशानं भरायचं या चिंतेत कार्यालयातला संपादकीय डेस्क होता. ती चिंता फार टिकली नाही, कारण मास्क वाटप सुरू झालं.

त्या काळात पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट कायमची होती. 'मास्क कसा वापरावा' हे तिचं शीर्षक, आणि मजकूर मी लिहिलेला. मास्कनं नाक, तोंड आणि हनुवटी तिन्ही झाकली पाहिजेत. नाकावरची पट्टी दाबून बसवावी. पुढच्या भागाला हात लावू नये. काढताना कानामागच्या दोऱ्या धरून काढावा. दुसऱ्याशी बोलताना खाली ओढू नये, कारण मास्कची गरज असते ती नेमकी तेव्हाच. एकमेकांचे मास्क वापरू नयेत. आरोग्य खात्याच्या सूचनांवरून सोप्या मराठीत केलेली ही चौकट रोज जशीच्या तशी छापली जायची.

तिच्या शेजारी मास्क वाटपाचे फोटो. देणाऱ्याचा मास्क हनुवटीखाली, घेणाऱ्याचा हनुवटीखाली, मागं उभे असलेल्यांचे कुणाचे कानाला लोंबणारे, कुणाचे खिशात. याचं कारण निष्काळजीपणा नव्हे. कारण फोटो हेच होतं. तोंड झाकलं तर वाटप कुणी केलं ते वाचकाला कळणार कसं? एका उत्साही कार्यकर्त्यानं यावर तोडगा म्हणून मास्कवरच आपला हसरा चेहरा छापून घेतला. ते मास्क घालून गावातली माणसं रांगेत उभी राहिली तेव्हा सगळ्यांना एकच तोंड होतं. तो फोटो डेस्कनं नाकारला. 'डावीकडून' काय लिहायचं, हा प्रश्न होता.

मास्क कधी घालायचा याबद्दल तालुक्यात एकमत झालेलं होतं. तो पोलीस दिसल्यावर घालायचा. पळसदेवला धरणाच्या काठावर मासे विकणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, गिऱ्हाईक इतकं जवळ उभं असताना तुम्ही तोंड का झाकत नाही? त्या म्हणाल्या, "झाकती की. गाडी आली म्हंजी झाकती." गाडी म्हणजे पोलिसांची. बारामती एमआयडीसीत सकाळच्या पाळीला मोटारसायकलवरून येणारे कामगार मास्क कोपराला अडकवून यायचे आणि फाटकाच्या अलीकडे चढवायचे. हेल्मेटसारखीच ही गोष्ट दुसऱ्या कुणासाठी तरी आहे, अशी सगळ्यांची समजूत होती.

या समजुतीला अपवाद असलेला एक माणूस मला माहीत होता. लासुर्ण्याच्या पुढं एक गाव आहे. त्याचं नाव देत नाही. तिथल्या ग्रामपंचायतीत भानुदास पाणी सोडायचं काम करायचा. टाकीत जंतुनाशक टीसीएल पावडर टाकायची, लांब लोखंडी चावी खांद्यावर घेऊन आळीआळीनं फिरायचं, व्हॉल्व्ह उघडायचा, बंद करायचा. साथीत सगळं गाव घरात बसलं तरी पाणी लागतंच, त्यामुळं हा रोज घराबाहेर. त्याची बायको सुमन दम्याची रुग्ण. श्वास लागला की तिला रात्र बसून काढावी लागायची. डॉक्टरांनी भानुदासला एकच सांगितलं होतं, की हिला बाहेरून आजार आणून देणारा घरात तू एकटाच आहेस.

तेव्हापासून भानुदासनं घराबाहेर मास्क काढला नाही. पाणीटंचाईच्या बातमीसाठी गेले तेव्हा तो माझ्याशी मास्कमधूनच बोलला. मला दोन वाक्यं नीट ऐकू आली नाहीत, ती त्यानं पुन्हा सांगितली; पण मास्क खाली घेतला नाही. गावात त्याची चेष्टा चालायची. "भान्या, मुसकं बांधलंय व्हय? उसात तोंड घालशील म्हणून?" असं पारावरून कुणीतरी म्हणायचं आणि तो हात वर करून पुढं जायचा.

त्या गावात मास्क वाटपाचा कार्यक्रम ठरला. वाटप करणारे आबा. आबा शेजारच्या गावचे, या भागातल्या एका गटाचे पुढारी. त्यांचंही नाव देत नाही. वाचकांपैकी ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. ग्रामपंचायतीसमोर अंतर राखण्यासाठी चुन्याचे गोल आखलेले होते. आबांची गाडी येईपर्यंत लोक गोलात उभे होते. गाडी आली आणि गोल मोकळे झाले.

मास्क वाटपाबरोबर 'कोविड योद्ध्यां'चा सत्कारही होता. सूत्रसंचालक गुरुजींनी पहिलं नाव भानुदासचं पुकारलं: शाल, श्रीफळ आणि मास्क देऊन. इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सत्काराची वस्तू हातात देत नाहीत, अंगावर घालतात. शाल खांद्यावर पांघरायची, फेटा डोक्यावर बांधायचा, हार गळ्यात घालायचा. मास्क सत्काराच्या ताटात आला तेव्हा त्यालाही हाच नियम लागू झाला. पाहुण्यानं आपल्या हातानं तो मानकऱ्याच्या तोंडावर चढवायचा.

अडचण एवढीच झाली, की भानुदासच्या तोंडावर मास्क होता.

"आरं, ह्यानं तर आधीच घातलाय की!" आबा म्हणाले. लोक हसले.

इंदापूरचे स्टुडिओवाले बापू कॅमेरा घेऊन पुढं सरकले. आमच्या पेपरला तालुक्यातले फोटो तेच द्यायचे. "आबा, त्यो काढा आधी. तोंडच दिसंना त्याचं. कुणाचा सत्कार हाय ते कळाय नको का?"

"ऱ्हाऊ द्या, आबा," भानुदास म्हणाला. "हातात द्या. घरी जाऊन लावतो."

"हातात काय द्यायचं? परसाद हाय व्हय त्यो? शाल कुणी हातात देतंय का?" आबांचा स्वर थट्टेचा होता, रागाचा नव्हता. बोलता बोलता त्यांनी भानुदासच्या उजव्या कानामागची दोरी सोडवली, मग डाव्या. काढलेला मास्क शेजारच्या कार्यकर्त्याकडं दिला. त्यानं तो ताटात नारळाशेजारी ठेवला.

"हिकडं बगा. भानुदासराव, हसा जरा," बापू म्हणाले.

भानुदास हसला नाही. त्यानं ओठ गच्च मिटले आणि गाल किंचित फुगवले. बापूंनी फोटो घेतले. आबांनी नवा मास्क त्याच्या तोंडावर चढवला, टाळ्या झाल्या, आणि तिथून पुढच्या मानकऱ्यांची नावं घेतली गेली. मी दोन पावलांवर उभी होते.

दुसऱ्या दिवशी तो फोटो तालुक्याच्या पानावर आला. आबांच्या दोन्ही हातांत नवा कोरा मास्क, समोर शाल पांघरलेला, उघड्या तोंडाचा भानुदास, छाती आणि गाल फुगवलेला. सन्मानानं माणूस फुलून येतो तसा दिसणारा. बापूंनी पाठवलेल्या फोटोंतून डेस्कनं हाच निवडला, कारण दोघांचे चेहरे यात सगळ्यांत स्वच्छ होते. डावीकडून आबा, भानुदास. शेजारी माझी चौकट: बोलताना मास्क खाली ओढू नये.

विरोधी गटाच्या तात्यांना हा फोटो हवाच होता. त्यांनी तो मोबाइलवर फिरवला आणि वरपर्यंत तक्रार केली, की आबांनी नियम मोडून कार्यक्रम घेतला. तक्रार आबांविरुद्ध होती. हे स्पष्ट लिहिते, कारण पुढं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वरून ग्रामपंचायतीकडं विचारणा आली: विनामास्क व्यक्तींवर काय कारवाई केली, तात्काळ कळवावं.

मी ग्रामसेवकांना भेटायला गेले. सज्जन गृहस्थ होते. त्यांनी टेबलावर पेपर पसरला आणि फोटोवर बोट ठेवलं.

"मॅडम, तुम्हीच बघा. आबांना मास्क आहे."

"तो हनुवटीखाली आहे."

"खाली घेतलाय. पण आहे. अंगावर मास्क आहे, हे कुणीही नाकारू शकत नाही. भानुदासच्या अंगावर मास्कच नाही."

"तो आबांनी काढला. तुम्ही तिथं उभे होतात."

"होतो ना." त्यांनी पेपर घडी केला. "पण आबा आमचे कर्मचारी आहेत का? कारवाई कर्मचाऱ्यावर होते. वरून विचारलंय, म्हणजे एक नाव द्यावं लागेल. आबांचं नाव घालू? तुम्ही सांगा, घालतो."

मी काही सांगण्याची त्यांची अपेक्षा नव्हती. ते माझ्याकडं पाहत होते ते मी उठण्याची वाट पाहत.

भानुदास मानधनावर होता, त्यामुळं चौकशी वगैरे काही लागलं नाही. व्हॉल्व्हची चावी कार्यालयात ठेवून जायला सांगितलं, एवढंच. ती चावी सरपंचांच्या चुलतभावाच्या मुलाला मिळाली. त्याला कोणत्या आळीचा व्हॉल्व्ह कुठं आहे ते माहीत नव्हतं, म्हणून पहिले काही दिवस भानुदासनंच त्याला बरोबर फिरून दाखवलं.

मी बातमी लिहिली. सत्कार समारंभात पाहुण्यांनी स्वतः मास्क काढल्यानंतर घेतलेल्या छायाचित्राच्या आधारे कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात आलं, असं पहिलंच वाक्य होतं. बातमी छापून आली ती चार ओळींची. 'मास्क न वापरणाऱ्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यास घरचा रस्ता.' मी डेस्कप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "जागा नव्हती. आणि यात चूक काय आहे ते सांगा." चूक काहीच नव्हती. फोटोत मास्क नव्हता, कर्मचारी पाणीपुरवठ्याचा होता, त्याला घरी पाठवलं होतं. शेजारी आबांच्या वाढदिवसाची मोठी जाहिरात होती. तीत आबांनी मास्क लावलेला नव्हता. जाहिरातीला तो नियम नव्हता.

चार ओळींनी जे केलं ते फोटोनंही केलं नव्हतं. गावात ज्यांनी भानुदासला रोज मास्कमध्ये पाहिलं होतं, कार्यक्रमात स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या, तीच माणसं त्याला पाहून दारं लावू लागली. पेपरात आलं होतं ना. त्याच सुमारास गावात रुग्ण वाढले. पाणी सोडायला हा आळीआळीनं उघड्या तोंडानं फिरला आणि यानंच साथ पसरवली, असं बोललं जाऊ लागलं. किराणा दुकानदारानं त्याला सामान पायरीखाली ठेवून दिलं.

मी पुन्हा लिहायचं ठरवलं आणि त्याच्या घरी गेले. तो दाराबाहेर आला, मास्क लावून. सुमन आत खाटेवर बसलेली दिसत होती.

"भानुदास, फोटो काढताना तुम्ही गाल का फुगवले होते?" मी विचारलं. मला ते बातमीत हवं होतं.

"शास रोखून धरला हुता, ताई. आबा तोंडाफुडं बोलत हुते न्हवं का. बापूचं फोटू होईस्तवर घ्यायचाच न्हाय म्हणलं."

"हे मी लिहिते. तुम्ही आत्ता बोललात ते जसंच्या तसं."

"नगा लिहू."

"का? खरं आहे ते."

"पयलं बी खरंच हुतं की." तो शांतपणे बोलत होता. "एकदा छापून आलं, काम गेलं. आता लिव्हलं तर आबा म्हणणार, माझ्यावर ढकलतोय. मग ह्या गावात ऱ्हायाचं कसं? हिला घेऊन कुठं जाऊ?"

आतून सुमन म्हणाली, "ताई, च्या टाकते. पण त्यास्नी मास्क काढाय सांगू नगा." तिनं हे थट्टेनं म्हटलं असावं. खोकल्यामुळं नीट कळलं नाही. मी चहा न घेता निघाले. ती बातमी मी लिहिली नाही. ज्याची बातमी आहे तो नको म्हणत असेल तर थांबायचं, हा माझा नोकरीभरचा रिवाज होता. तो चांगला आहे असं माझं अजूनही मत आहे. त्याचा फायदा मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला झाला.

सुमनला त्या साथीत काही झालं नाही. पहिल्या लाटेत नाही आणि दुसऱ्या लाटेतही नाही. गावात धडधाकट माणसं गेली, ती राहिली. भानुदासनं जे जपायचं ठरवलं होतं ते त्यानं जपलं. पण जे घडलं नाही त्याची बातमी होत नसते. चौकट रोज छापणाऱ्या आमच्या पेपरला, ती पाळणारा जो एक माणूस मिळाला, त्याची नोंद आमच्या पानावर 'मास्क न वापरणारा' अशी आहे. जुने अंक आजही कुणालाही काढून बघता येतात.

पुढं भानुदास बारामती एमआयडीसीत दूध प्रक्रियेच्या एका कारखान्यात लागला. रोज मोटारसायकलवर जायचं आणि यायचं. साथ ओसरली, मास्क संपले, चौकट गेली, मी निवृत्त झाले.

गेल्या लग्नसराईत भानुदास घरी पत्रिका घेऊन आला. मुलगी प्रियांकाचं लग्न. बारामती रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात मी गेले. भानुदास फेटा बांधून सगळ्यांचं स्वागत करत होता, हसत होता, मोकळ्या चेहऱ्यानं. घरच्यांचे, व्याह्यांचे, पाहुण्यांचे फोटो झाले. फोटोला बापूच होते. सगळ्या फोटोंत भानुदास उघड्या तोंडानं उभा राहिला.

अक्षता पडल्यावर आबा आले. त्या दिवशी त्यांना आणखी लग्नं होती. ते थेट व्यासपीठावर चढले, वधूवरांना हार घातले आणि फोटोसाठी वळले.

"मुलीचं वडील कुठायत? या, या, शेजारी या."

भानुदास गेला. जाताना त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला मास्क काढला. दोऱ्या धरून आधी एका कानाला लावला, मग दुसऱ्या. हनुवटीच्या खालपर्यंत नीट ओढून घेतला. नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबली. आणि आबांच्या शेजारी उभा राहिला.

खाली हशा पिकला. "मामा, करोना गेला की! कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

"भानुदासराव, आज तरी काढा," बापू म्हणाले. "पोरीचं लगीन हाय."

"न्हाय. मागल्या टायमाला काढला हुता."

बापूंनी कॅमेरा जरा खाली घेतला. त्यांना आठवलं, हे मला दिसलं. आबांना काही आठवलं नाही.

"मागल्या टायमाला कवा?" आबा हसत म्हणाले. "आवो काढा की राव, तोंड तर दिसू द्या." आणि बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं भानुदासच्या उजव्या कानाकडं गेला.

भानुदासनं तो मनगटाशी धरला. झटका दिला नाही. हात खाली आणला आणि सोडला नाही. आबा हसतच राहिले, कारण समोर कॅमेरा होता. बापूंनी कॅमेरा वर केला. प्रकाश पडला. मग भानुदासनं हात सोडला, आबा खाली उतरले आणि पुढच्या लग्नाला गेले.

दोन दिवसांनी तालुक्याच्या पानावर तो फोटो होता. माझ्यानंतर आलेल्या प्रतिनिधीनं नियम पाळला होता. फोटोत वधू-वर, आबा आणि मास्क लावलेला एक माणूस. आबा आणि तो माणूस हातात हात घेऊन उभे, आबा हसताहेत. खाली ओळ होती: विवाह सोहळ्यात वधू-वरांना आशीर्वाद देताना आबा, शेजारी जिव्हाळ्याचा कार्यकर्ता.

चेहरा दिसत नव्हता, त्यामुळं नाव नव्हतं. त्या दिवशी सकाळी मी नव्या प्रतिनिधीला विचारलं, कुणाचा फोन आला होता का? तो म्हणाला, नाही, कुणाचाच नाही.